सिमल्यात काय हरलो?

दर वर्षी १६ डिसेंबर उजाडला की ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावरचं ते छायाचित्र फिरू लागतं. टेबलाशी वाकून सही करणारे जनरल नियाझी, शेजारी लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा, मागे दाटीवाटीने उभे अधिकारी. दुपार व्हायच्या आत त्या छायाचित्राखाली एक ओळ येऊन बसते: रणात कमावलं, तहात गमावलं. संध्याकाळच्या व्याख्यानमालेत तीच ओळ, रविवारच्या पुरवणीत तीच, चहाच्या टपरीवरही तीच. माना डोलतात, टाळ्या पडतात. वक्त्याला एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: तुम्ही सिमला करार वाचलाय का? फार मोठा नाही तो. सहा कलमं आहेत.

आधी या मंडळींचं म्हणणं त्यांच्याच जोरात मांडतो. १९७१ च्या डिसेंबरात भारताने तेरा दिवसांत पाकिस्तानचे दोन तुकडे केले. ९३ हजार कैदी आपल्या छावण्यांत होते. पश्चिमेला पाच हजार चौरस मैलांहून अधिक मुलूख आपल्या ताब्यात होता. झुल्फिकार अली भुट्टो २८ जून १९७२ ला सिमल्यात आले ते हरलेल्या देशाचे अध्यक्ष म्हणून, हातात एकही पत्ता नसताना. आणि २ जुलैच्या मध्यरात्रीनंतर सही करून परत गेले ते जमीन सोडवून, कैदी सोडवून, काश्मीरवर एक अक्षरही न सोडता. इंदिरा गांधी भोळ्या ठरल्या, सैन्याने रक्त सांडून मिळवलेलं मुत्सद्द्यांनी एका रात्रीत घालवलं. काश्मीरचा कायमचा निकाल लावायची संधी आली होती, ती आपण हाताने दवडली.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एक तर चुकीचं आहे, नाही तर अर्धवट. आणीबाणी लादणाऱ्या पंतप्रधानांची वकिली करायची मला हौस नाही. राग येतो तो वेगळ्या कारणाने. ज्या रेषेच्या अलीकडे राहून १९९९ मध्ये कारगिलला आपली ५२७ माणसं लढता लढता गेली, ती रेषा या करारातून आली आहे. त्या कराराला पराभव म्हणणारे आपण नेमकं काय बोलतो आहोत याचा विचारच करत नाहीत.

पहिली गोष्ट कैद्यांची, कारण सगळी इमारत त्या आकड्यावर उभी आहे. सिमला कराराने एकही युद्धकैदी सोडला नाही. एकही नाही. सहाव्या कलमात लिहिलंय ते एवढंच: दोन्ही देशांचे प्रतिनिधी पुढे भेटतील आणि युद्धकैद्यांची व स्थानबद्ध नागरिकांची परतपाठवणी, जम्मू-काश्मीरचा अंतिम तोडगा, राजनैतिक संबंध, या विषयांवर बोलतील. भुट्टो सिमल्याहून परतले तेव्हा ते ९३ हजार लोक भारतीय छावण्यांतच होते. पुढच्या वर्षी, २८ ऑगस्ट १९७३ ला, दिल्ली करार झाला आणि त्यानंतर ते जायला लागले. शेवटचे कैदी एप्रिल १९७४ मध्ये गेले. म्हणजे ढाक्याच्या शरणागतीनंतर दोन वर्षं उलटून गेल्यावर. ‘सिमल्यात कैदी सोडून दिले’ हे वाक्य जो व्याख्याता छातीठोकपणे बोलतो, त्याच्या बाकीच्या इतिहासावर आपण कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा?

शिवाय ते कैदी आपल्या एकट्याचे नव्हते. नियाझींनी शरणागती पत्करली ती पूर्व आघाडीवरच्या भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त फौजांपुढे. त्या कागदावरच तसं लिहिलंय. बांगलादेशाला विचारल्याशिवाय त्यांचं काही करता येत नव्हतं, आणि त्यांतल्या १९५ जणांवर शेख मुजीब यांना अत्याचारांचे खटले चालवायचे होते. ज्या लोकांच्या घरादारांची राखरांगोळी झाली होती, त्यांना बाजूला सारून आपण ते कैदी काश्मीरच्या बदल्यात परस्पर विकायचे? मग आपण बांगलादेशासाठी लढलो होतो की बांगलादेशाच्या नावाने?

या ९३ हजारांत सगळे बंदूकधारी नव्हते. सरकारी नोकर होते, हजारो नागरिक होते, बायकामुलं होती. १९४९ च्या तिसऱ्या जीनिव्हा कराराचं ११८ वं कलम सांगतं की लढाई थांबली की युद्धकैदी विनाविलंब परत पाठवायचे. आपण त्या करारावर सही केलेली आहे. तरी आपण त्यांना दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलं, आणि त्याबद्दल जगाचे टोमणे खाल्ले. मे १९७३ मध्ये पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही गेला. इतकं सोसून आपण काही मिळवलं का? मिळवलं. पाकिस्तानात लाखाहून अधिक बंगाली माणसं अडकून पडली होती. कालपर्यंतचे अधिकारी, सैनिक, त्यांची कुटुंबं. ती सुखरूप ढाक्याला पोचली. ज्या बांगलादेशाच्या संयुक्त राष्ट्रांतल्या प्रवेशावर चीनने पाकिस्तानसाठी २५ ऑगस्ट १९७२ ला आपला पहिला नकाराधिकार वापरला होता, त्याच बांगलादेशाला २२ फेब्रुवारी १९७४ ला पाकिस्तानने मान्यता दिली. हे त्या कैद्यांचं मोल होतं आणि ते वसूल झालं. युद्ध ज्या कारणासाठी झालं, त्याच कारणासाठी ते वापरले गेले. दुसऱ्या कशासाठी वापरायला हवे होते असं म्हणणाऱ्याने निदान हे तरी सांगावं की किती वर्षं ठेवायचे होते? पाच? दहा? आणि त्या काळात पाकिस्तानच्या ताब्यातल्या आपल्या जवानांचं काय करायचं होतं?

आता दुसरा मुद्दा: भुट्टोंकडून काश्मीर लिहून घ्यायला हवं होतं.

लिहून घेणं म्हणजे काय असतं, हे इतर कुणाला नाही तरी मराठी माणसाला ठाऊक असायला हवं. पुण्याहून मुंबईला जाताना वडगाव मावळ लागतं. जानेवारी १७७९ मध्ये इथे महादजी शिंद्यांनी इंग्रजांच्या मुंबईकर फौजेला पुरतं कोंडीत पकडलं. रसद तोडलेली, माघारीची वाट बंद. १६ जानेवारीला इंग्रजांनी निमूटपणे सही केली. १७७३ पासून घेतलेला सगळा मुलूख परत, राघोबा मराठ्यांच्या हवाली, दोन इंग्रज ओलीस. कागदावर याहून मोठा विजय कुठला असेल? पण इंग्रजांची फौज मुंबईला सुखरूप पोचली आणि वॉरन हेस्टिंग्जने कलकत्त्याहून कळवलं की सही करणाऱ्यांना तो अधिकारच नव्हता, तह आम्हाला मान्य नाही. १७८० च्या फेब्रुवारीत जनरल गॉडर्डने अहमदाबाद घेतलं, डिसेंबरात वसई घेतली. लढाई १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालली, आणि त्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. वडगावचा कागद वाया गेला, कारण सही देणाऱ्याची मान दाबलेली होती आणि त्याच्या मागची सत्ता शाबूत होती.

भुट्टोंची स्थिती तीच होती. पूर्वेतलं सैन्य शरण गेलं होतं, पण पश्चिमेतलं पाकिस्तानी लष्कर जागच्या जागी उभं होतं. कैद्यांच्या बदल्यात काश्मीरवर पाणी सोडून हा माणूस रावळपिंडीला परतला असता तर तो किती आठवडे खुर्चीवर राहिला असता? नंतर आलेल्या सेनापतीने पहिल्याच दिवशी जाहीर केलं असतं की बळजबरीने घेतलेली सही आम्ही मानत नाही. आणि जगाने त्याला दुजोरा दिला असता, कारण बळाच्या धाकाने केलेला तह रद्दबातल ठरतो हे तत्त्व १९६९ च्या व्हिएन्ना संकेतात नुकतंच लिहिलं गेलं होतं. मग आपल्या हाती काय उरलं असतं? वडगावसारखा एक कागद, आणि सोडून दिलेले कैदी.

आणि मुळात काश्मीर जिंकलं कुठे होतं, की ते तहात गमवावं? हा प्रश्न कुणीच विचारत नाही. १९७१ चा निर्णायक विजय पूर्वेत होता. पश्चिमेला मुझफ्फराबाद आपण घेतलं नव्हतं, मीरपूर घेतलं नव्हतं, गिलगिटच्या आसपासही पोचलो नव्हतो. उलट छांब आपल्या हातून गेलं, ते आजही तिकडेच आहे. रणात जे मिळालंच नाही ते तहात गेलं म्हणून गळा काढणं ही कुठली देशभक्ती?

त्यात जग कुणाच्या बाजूला होतं? ७ डिसेंबर १९७१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीच्या आणि सैन्य मागे घेण्याच्या ठरावावर मतदान झालं. ठरावाच्या बाजूने १०४, विरोधात ११. अमेरिकेचं विमानवाहू जहाज एंटरप्राइझ बंगालच्या उपसागरात आलं. २१ डिसेंबरला सुरक्षा परिषदेने ३०७ क्रमांकाचा ठराव केला, आणि त्यातली मागणी होती की दोन्ही फौजांनी आपापल्या हद्दीत जावं आणि काश्मीरमध्ये १९४९ ची जुनी युद्धबंदी रेषा पूर्णपणे पाळावी. ही मागणी लक्षात ठेवा. सिमल्यात आपण काय मिळवलं ते या मागणीशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता येतो जमिनीवर. पाच हजार चौरस मैलांतला बहुतेक भाग थरच्या वाळवंटातला, सिंधमधल्या थारपारकरचा. उरलेला मुख्यतः शकरगढचा. हा सगळा आंतरराष्ट्रीय सीमेपलीकडचा मुलूख, ज्यावर भारताने कधीही हक्क सांगितला नव्हता. तो ठेवून घ्यायचा म्हणजे तिथल्या लोकांवर कायमचं राज्य करायचं आणि आंतरराष्ट्रीय सीमा बळाने बदलता येते हे आपणच मान्य करायचं. उद्या तोच न्याय आपल्या सीमेला लागला असता तर?

पण काश्मीरमध्ये जे घेतलं ते? तिथे खरी गंमत करून ठेवली होती ताश्कंदने, सिमल्याने नव्हे. २८ ऑगस्ट १९६५ ला जिवाची बाजी लावून घेतलेली हाजीपीर खिंड १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद कराराने परत गेली. ५ ऑगस्ट १९६५ पूर्वी जिथे होता तिथे परत जा, असं तो करार सांगत होता, आणि दोन्ही फौजा गेल्या. कारगिल गावाच्या डोक्यावरची शिखरं १९६५ मध्ये आपल्या जवानांनी दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा सोडून दिली. १९७१ मध्ये तिसऱ्यांदा तीच चढण चढावी लागली. श्रीनगर–लेह रस्ता तिथून नजरेच्या टप्प्यात येतो. वरून कुणी तोफा डागल्या तर लडाखची नाळ तुटते.

सिमल्यात ती शिखरं परत द्यावी लागली नाहीत. चौथ्या कलमाचा दुसरा भाग म्हणतो की जम्मू-काश्मीरमध्ये १७ डिसेंबर १९७१ च्या युद्धबंदीतून निर्माण झालेली नियंत्रणरेषा दोन्ही बाजू पाळतील आणि कुणीही ती एकतर्फी बदलणार नाही. सुरक्षा परिषद म्हणत होती १९४९. आपण लिहून घेतलं १९७१. हाच सिमल्याचा गाभा आहे आणि ‘तहात गमावलं’ म्हणणाऱ्या एकाही व्याख्यानात तो मी ऐकलेला नाही.

लडाखला जाणारी पुण्या-मुंबईची मंडळी हल्ली नुब्रा खोऱ्यातून पुढे तुर्तुकला जातात. श्योक नदीच्या काठचं बाल्टी गाव, दगडी भिंतींच्या अरुंद गल्ल्या, अंगणांतून जर्दाळूची झाडं. लोक जर्दाळू विकत घेतात, फोटो काढतात, परत येतात. डिसेंबर १९७१ पर्यंत हे गाव पाकिस्तानच्या ताब्यात होतं. मेजर चेवांग रिंचेन यांच्या तुकडीने कडाक्याच्या थंडीत चालुंका, तुर्तुक, त्याक्षी ही गावं एकामागून एक घेतली. ताश्कंदचा नियम सिमल्यात लागला असता, तर ही गावं १९७२ मध्ये परत गेली असती. ज्या गावात उभं राहून आपण सेल्फी काढतो, ते आपल्याकडे राहिलं कसं, हे परतीच्या विमानात तरी आठवावं.

आणि ही रेषा भुट्टोंनी सही केली म्हणून आपोआप नकाशावर उमटली नाही. करार ४ ऑगस्ट १९७२ ला अमलात आला. सैन्य तीस दिवसांत मागे घ्यायचं ठरलं होतं. आपण घेतलं नाही. आधी काश्मीरची रेषा नक्की करा, मग वाळवंट सोडू, असं आपण धरून बसलो. ठाकोचक नावाच्या चिमुकल्या वस्तीवरून बोलणी अडली. जनरल माणेकशा त्यासाठी लाहोरला जाऊन पाकिस्तानचे लष्करप्रमुख टिक्का खान यांच्याशी बोलले आणि पाकिस्तानला ठाकोचक सोडावं लागलं. मग ११ डिसेंबर १९७२ ला सुचेतगढला दोन सेनाधिकाऱ्यांनी नकाशांच्या एकेक पानावर सह्या केल्या. पाकिस्तानकडून लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान, आपल्याकडून लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंग भगत. हे भगत म्हणजे आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सकडून दुसऱ्या महायुद्धात सुरुंग काढताना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले. सुरुंगाचं काम केलेल्या माणसाच्या काटेकोरपणाने त्यांनी त्या रेषेचा नाला नाला, टेकडी टेकडी लिहून घेतली. सह्या झाल्या आणि मगच, २० डिसेंबरपर्यंत, मुलूख परत गेला. याला उधळपट्टी म्हणायचं?

भुट्टोंनी इंदिरा गांधींना तोंडी वचन देऊन फसवलं, हा आरोप चटकन निकाली काढण्याजोगा आहे. सिमल्यात हजर असलेले पृथ्वीनाथ धर यांनी १९९५ मध्ये लिहिलं की नियंत्रणरेषेचं हळूहळू सीमेत रूपांतर करण्याला भुट्टोंनी तोंडी होकार दिला होता. पाकिस्तान ते नाकारतो. समजा वचन दिलं आणि मोडलं. त्याने लिहिलेलं कलम पुसलं का?

एका बाबतीत मात्र टीकाकार खरे आहेत. १९७१ मधले बेपत्ता ५४ जवान पाकिस्तानच्या तुरुंगांत असल्याचं त्यांच्या घरचे वर्षानुवर्षं सांगत आले, आणि त्यांचा ठावठिकाणा लावल्याशिवाय आपण तिकडचे शेवटचे कैदी जाऊ दिले. त्या घरांचा राग रास्त आहे. तो राग वाटणारे कुणी असतील तर मी त्यांच्यापुढे हात जोडतो. पण जे व्याख्याते काश्मीर, काश्मीर म्हणून टाळ्या घेतात, त्यांच्या भाषणात ही ५४ नावं कितीदा येतात?

सिमल्याचा कस लागला तो १९९९ मध्ये. त्याआधीचा एक तपशील सांगायलाच हवा. १९७२ मध्ये सिमला कराराला कडाडून विरोध केला तो जनसंघाने, आणि अटलबिहारी वाजपेयींचा आवाज त्यात पुढे होता. तेच वाजपेयी पंतप्रधान म्हणून बसने लाहोरला गेले आणि २१ फेब्रुवारी १९९९ ला त्यांनी ज्या लाहोर जाहीरनाम्यावर सही केली, त्यात सिमला करार शब्दशः आणि मनापासून अमलात आणण्याचा निर्धार लिहिलेला आहे. ही त्यांची माघार नव्हती. सत्तेवर आल्यावर त्या कागदाची किंमत त्यांना कळली होती. तीनच महिन्यांनी कारगिलच्या शिखरांवर पाकिस्तानी सैनिक सापडले. ते घुसखोर आहेत हे जगाला कशावरून दाखवलं? सुचेतगढच्या सह्यांच्या नकाशांवरून. पाकिस्तानने रेषा संदिग्ध आहे असं सांगून पाहिलं. ती संदिग्ध नव्हती, तिच्यावर त्याच्याच सेनाधिकाऱ्याची सही होती. वाजपेयींनी वायुदलाला रेषा न ओलांडण्याचा हुकूम दिला आणि तो कटाक्षाने पाळला गेला. जूनमध्ये जी-८ राष्ट्रांनी कोलोनहून घुसखोरीला बेजबाबदार म्हटलं. ४ जुलैला क्लिंटन यांनी नवाझ शरीफ यांच्याबरोबर जे निवेदन काढलं त्यात सिमला कराराप्रमाणे नियंत्रणरेषेचा आदर करण्याची भाषा होती. १९७१ मध्ये एंटरप्राइझ पाठवणारी अमेरिका १९९९ मध्ये आपल्या रेषेच्या बाजूने बोलली. काश्मीरच्या प्रश्नावर १९६५ पर्यंत वारंवार ठराव करणाऱ्या सुरक्षा परिषदेनेही १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर सांगितलं ते दोघांनी आपसात बोलण्याचंच.

सिमल्याने शांतता आणली असं मी म्हणत नाही. सियाचीन झालं, दहशतवाद झाला, कारगिल झालं. पण तहाने दुसऱ्या देशाची नियत बदलत नाही. आपला हक्क कुठपर्यंत आहे आणि तो मोडणारा कोण आहे, एवढं तो ठरवू शकतो. सिमल्याने ते ठरवलं, आणि आपल्याला सोयीच्या जागी ठरवलं.

विश्वास बसत नसेल तर पाकिस्तान या कराराकडे कसं पाहतो ते बघा. पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने सिंधू जलकरार स्थगित केला, तेव्हा २४ एप्रिल २०२५ ला इस्लामाबादने प्रत्युत्तर म्हणून कशाचं नाव घेतलं? सिमला करार स्थगित ठेवण्याचा हक्क आम्हाला आहे, असं त्यांनी जाहीर केलं. भुट्टोंनी आपल्याला लुबाडून नेलेला करार, पाकिस्तानच्या विजयाचा करार, तो पाकिस्तानलाच नकोसा का व्हावा? तो मोडला तर काश्मीर पुन्हा न्यूयॉर्कच्या चव्हाट्यावर न्यायला, रेषा पुन्हा वादात ओढायला वाट मोकळी होते, हे तिथल्या मुत्सद्द्यांना नीट कळतं. ही वाट १९७२ पासून बंद आहे, आणि ती बंद करणाऱ्या दाराला आपल्याकडची माणसं दर डिसेंबरात पराभव म्हणून धक्के देत असतात. येत्या १६ डिसेंबरला पुन्हा कुणी ती ओळ म्हणेल, तेव्हा सभागृहातल्या एखाद्या श्रोत्याने उठून एवढंच विचारावं: सिमला नको, तर मग १९४९ ची रेषा हवी का? तुर्तुक परत द्यायचं का? कारगिलच्या वरची ती शिखरं?